रजेवर येताना परतीची मुदत पाहा

कापडाच्या धंद्यात हुंडीला फार महत्त्व असे. माल कधी आला हे ज्याला ठाऊक आहे, पण हुंडी कधी भरायची हे ठाऊक नाही, त्याचा व्यापार फार दिवस टिकत नसे. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांच्या हातातही अशीच एक मुदतीची हुंडी असते. तिचे नाव परतीचा परवाना. सोलापूरला यायचे तिकीट कधीचे आहे हे घरातल्या लहान मुलालाही पाठ असते, परंतु परत किती तारखेच्या आत पोहोचायचे हे विचारले तर खुद्द नोकरदारही अडखळतो. या अडखळण्याची किंमत कधीकधी पंधरा वर्षांच्या नोकरीइतकी असते. म्हणून व्यापाराच्या या पानावर हा विषय घेतला आहे.

आखातातून येणारा पैसा हा सोलापूरच्या बाजारपेठेचाही प्रश्न आहे. लग्नाचा बस्ता असो, ईदची खरेदी असो की घराचा स्लॅब असो, या पैशावर अवलंबून असलेली घरे आमच्या गिऱ्हाइकांत नेहमीच राहिली आहेत. मुलाची तिकडची नोकरी गेली की दुकानातली उधारी थकते आणि दागिने गहाण पडतात. तेव्हा ही मुदत घरातल्या सर्वांनी समजून घेतली पाहिजे.

खुरूज आणि औदा

सौदी अरेबियात या परवान्याला 'खुरूज व औदा' म्हणतात. खुरूज म्हणजे बाहेर पडणे आणि औदा म्हणजे परत येणे. उर्दू जाणणाऱ्यांना अर्थ सहज कळेल. नोकरीसाठी गेलेल्या माणसाला तेथे राहण्याचा परवाना मिळतो, तो इकामा. परंतु इकामा हातात आहे म्हणून मनात येईल तेव्हा देशाबाहेर जाऊन परत येता येते असे नाही. बाहेर जाण्यासाठी आणि परत येण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती एका फेरीची किंवा अनेक फेऱ्यांची असते. याखेरीज 'खुरूज निहाई' म्हणजे कायमचे बाहेर पडणे हा तिसरा प्रकार आहे. त्यावर निघालेल्या माणसाचा इकामा संपतो आणि परतीचा प्रश्नच उरत नाही. कागदावर यांपैकी कोणता शब्द आहे हे विमानात बसण्यापूर्वी वाचलेच पाहिजे. अरबी येत नसेल तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

पूर्वी हा परवाना पासपोर्टवर दिसत असे. आता तो संगणकावर नोंदला जातो. 'अबशर' ही तेथील सरकारी सेवा आणि मालकांसाठी असलेली 'मुकीम' सेवा यांतून तो निघतो. पासपोर्टच्या पानावर काही दिसत नाही म्हणून छापील प्रत काढून जवळ ठेवावी आणि तिचा फोटो घरीही पाठवावा.

शुल्काचा हिशेब ऑक्टोबर २०१६ पासून असा आहे. एका फेरीच्या परवान्याला दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल. अनेक फेऱ्यांच्या परवान्याला तीन महिन्यांपर्यंत ५०० रियाल आणि पुढे प्रत्येक महिन्याला २०० रियाल. सौदी कामगार कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे कामगाराचे इकाम्याचे आणि या परवान्याचे शुल्क मालकाने भरायचे आहे. कित्येक मालक ते पगारातून कापतात आणि आपली माणसे मुकाट्याने कापू देतात. निदान कायदा काय म्हणतो एवढे तरी ठाऊक असावे.

दिवस कुठून मोजायचे?

खरी गफलत होते ती येथे. परवाना दोन तऱ्हेने दिला जातो. एक महिन्यांच्या हिशेबाने, म्हणजे ६०, ९० किंवा १२० दिवसांचा. असा परवाना निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत देश सोडायचा असतो आणि मुदत देश सोडल्याच्या दिवसापासून मोजली जाते. दुसऱ्या तऱ्हेत 'अमुक तारखेपूर्वी परत या' असे लिहिलेले असते किंवा सुटे दिवस दिलेले असतात. तेथे मुदत परवाना निघाला त्या दिवसापासूनच धावू लागते.

उदाहरण घेऊ. परवाना १ मार्चला निघाला, दिवस ६०, आणि माणूस २० मार्चला विमानात बसला. पहिल्या तऱ्हेचा परवाना असेल तर त्याला १८ मेपर्यंत मुदत मिळेल. दुसऱ्या तऱ्हेचा असेल तर २९ एप्रिललाच मुदत संपेल. म्हणजे सरळ १९ दिवसांचा फरक. दोघे भाऊ एकाच कंपनीतून एकाच विमानाने आले, तरी एकाची मुदत दुसऱ्याला लागू होईलच असे नाही. म्हणून 'किती दिवसांचा' एवढेच विचारू नये, 'परत कोणत्या तारखेच्या आत' हे विचारावे आणि ती तारीख इंग्रजी महिन्यात लिहून घ्यावी.

इंग्रजी महिना मुद्दाम म्हटले. सौदी कागदांवर हिजरी तारखा पुष्कळदा असतात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणजे इंग्रजी वर्षाहून १० ते ११ दिवसांनी लहान. इकाम्याची मुदत हिजरीत असेल आणि आपण घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वर्ष मोजत बसलो, तर एका वर्षात ११ दिवसांची आणि दोन वर्षांत तीन आठवड्यांची चूक होते. इकामाच संपला तर परतीच्या परवान्यात दिवस शिल्लक असून उपयोग होत नाही.

निघण्यापूर्वी पासपोर्टही पाहावा. या परवान्यासाठी पासपोर्टची किमान ९० दिवसांची मुदत बाकी असावी लागते. पासपोर्ट सोलापुरात आल्यावर नवा करून घेऊ असा विचार अनेकजण करतात. पोलीस चौकशी लांबली तर रजेचे दिवस त्यातच जातात. तेथील भारतीय दूतावासाकडे अर्ज करून तो आधीच नवा करून घेतलेला बरा. बायकामुले सोबत असतील तर प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो, हेही विसरू नये.

मुदत उलटली तर

सौदीत पूर्वी नियम असा होता की परतीच्या परवान्यावर बाहेर गेलेला माणूस मुदतीत परतला नाही, तर त्याला तीन वर्षे देशात प्रवेश नाही. जुन्याच मालकाने नवा व्हिसा काढला तरच सूट मिळे. जानेवारी २०२४ मध्ये ही तीन वर्षांची बंदी उठवण्यात आली. ही बातमी ऐकून काही तरुण म्हणू लागले की आता उशीर झाला तरी हरकत नाही. हा समज धोक्याचा आहे. बंदी उठली याचा अर्थ नवा व्हिसा मिळण्याचा रस्ता मोकळा झाला, जुनी नोकरी शाबूत राहिली असा नाही.

त्या कामगार कायद्याचे ८० वे कलम पाहा. सलग १५ दिवसांहून अधिक, किंवा वर्षभरात मिळून ३० दिवसांहून अधिक काळ योग्य कारणाशिवाय गैरहजर राहणाऱ्याला मालक लेखी ताकीद देऊन कामावरून काढू शकतो, आणि तेही सेवेअखेरची रक्कम न देता. ही रक्कम थोडीथोडकी नसते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे दरवर्षी एक महिन्याचा पगार असा तिचा हिशेब आहे. पंधरा वर्षे काम केलेल्याचा हा आकडा साडेबारा महिन्यांच्या पगाराइतका होतो. दरमहा २,००० रियाल पगार असेल तर २५,००० रियाल. मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी ज्या रकमेवर नजर ठेवून माणूस उन्हात राबतो, ती चार आठवड्यांच्या दिरंगाईत धोक्यात येते.

शिवाय नवा व्हिसा म्हणजे पुन्हा एजंट, पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा बोटांचे ठसे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट असेल तर पुन्हा तीही मंजुरी. एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी घ्यावा असा भारत सरकारचा नियम आहे. प्रत्यक्षात किती मागितले जातात ते ज्यांनी भरले त्यांना विचारावे. तीन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना ही उत्प्रवास तपासणीची अट काढून घेता येते, पण आपल्यातील पुष्कळांना ते माहीत नसते.

आईवडिलांचे आजारपण, मयत किंवा अपघात यांमुळे थांबणे भाग पडले तर मुदत संपण्याची वाट पाहू नये. मुदत बाकी असतानाच मालकाला कळवावे. तो सौदीतून संगणकावर परवाना वाढवून देऊ शकतो. कुटुंबीयांचा परवाना कुटुंबप्रमुख स्वतःच्या अबशर खात्यातून वाढवू शकतो. यासाठी इकामा चालू असावा लागतो. फोनवर बोलून भागत नाही. दवाखान्याचे कागद पाठवून उत्तर लेखी मागावे.

करोनाच्या काळात हे सर्वांनी अनुभवले. मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली आणि रजेवर आलेले हजारो लोक गावोगाव अडकले. सौदी सरकारने तेव्हा इकामे आणि परतीचे परवाने अनेकदा विनाशुल्क वाढवले. भारतातून थेट प्रवेश १ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाला. तोपर्यंत अनेकांना तिसऱ्या देशात १४ दिवस काढून, पदरचे पैसे घालून जावे लागले. ती सवलत जगावरच्या संकटातली होती. एकट्या माणसाच्या अडचणीत सरकार आपोआप मुदत वाढवत नाही.

इतर देशांतील रिवाज

सर्व आखाती देशांचा कायदा एक नाही. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा वगैरे ठिकाणी, जाताना वेगळा परतीचा परवाना घ्यावा लागत नाही. परंतु १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास राहण्याचा परवाना बाद होतो. गोल्डन व्हिसावाल्यांना यातून सूट आहे. जानेवारी २०२३ पासून मुदत उलटलेल्यांना कारण दाखवून बाहेरूनच पुनर्प्रवेशाचा अर्ज करता येतो. १८० दिवसांवरील दर महिन्याला १०० दिरहम दंड आहे आणि मंजुरीनंतर ३० दिवसांत परत जावे लागते. कतार आणि ओमानमध्येही सहा महिन्यांची मर्यादा लक्षात ठेवावी. कुवेतमध्ये १ जुलै २०२५ पासून खासगी कंपन्यांतील परदेशी कामगारांना देश सोडण्यापूर्वी मालकाच्या संमतीने बाहेर जाण्याचा परवाना काढणे सक्तीचे झाले आहे. याउलट सौदीत १४ मार्च २०२१ च्या सुधारणांनंतर खासगी कंपन्यांतील कामगार मालकाच्या संमतीवाचून स्वतः परतीच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ मात्र या सुधारणांच्या बाहेर ठेवले गेले.

ही पद्धत केवळ अरब देशांची आहे असे समजू नये. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेला माणूसही एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहणार असेल तर त्याला निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो बहुधा दोन वर्षांचा मिळतो. परक्या देशात राहण्याचा हक्क हा मुदतीचा हक्क असतो, हे सगळीकडे सारखेच आहे.

घरच्यांसाठी चार शब्द

सौदी कायद्यात वर्षाला २१ दिवसांची आणि पाच वर्षांच्या नोकरीनंतर ३० दिवसांची पगारी रजा आहे. दोन वर्षांची रजा साठवून माणूस येतो तेव्हा घरच्यांना वाटते, अजून एक लग्न उरकून जा, प्लॉटचा व्यवहार करून जा. आग्रह प्रेमाचा असतो, परंतु लग्नाची तारीख धरण्यापूर्वी परतीची तारीख विचारावी. सोलापूरच्या माणसाला विमानासाठी मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. परतीचे तिकीट मुदतीच्या शेवटच्या दिवसाचे न काढता निदान आठवडाभर आधीचे काढावे. विमान रद्द झाले, ताप आला, तरी हातात चार दिवस राहतात.

मुलगा घरी आला की पहिल्याच दिवशी चार तारखा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवाव्यात: परतीची शेवटची तारीख, इकाम्याची शेवटची तारीख, पासपोर्टची शेवटची तारीख आणि परतीच्या तिकिटाची तारीख. हे काम शिकलेल्या मुलीने किंवा सुनेने हाती घ्यावे, कारण घरात कागद नीट सांभाळणारी बहुधा तीच असते.