कॅमेऱ्याचा आकार आणि चित्राची प्रत

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, १६७७ साली शिवछत्रपतींनी दर्शन घेतल्याची परंपरा सांगणाऱ्या काळिकांबाळ मंदिराच्या गर्दीच्या रस्त्यावर, अवजड कॅमेरा व भिंगांची पिशवी सांभाळीत फिरणाऱ्या मराठी यात्रेकरूचा बहुधा असा समज असतो की, यंत्र जितके मोठे तितके चित्र चांगले. त्याचा खुलासा होणे जरूर आहे.

चित्राची प्रत मुख्यतः भिंग व संवेदक (सेन्सर : प्रकाशाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करणारी पट्टी) यांवर अवलंबून असते, बाह्य आकारावर नव्हे; वाड्याच्या भिंती कितीही जाड असल्या तरी माजघरात उजेड येतो तो खिडकीच्या मापानेच. आतला आरसा काढून टाकलेला कॅमेरा (मिररलेस) हलका होतो, परंतु त्याचा संवेदक तेवढाच राहू शकतो. २०१९ साली आलेला ‘रिको जीआर थ्री’ बॅटरीसह अवघा २५७ ग्रॅम वजनाचा व खिशात मावणारा असूनही, अनेक अवजड कॅमेऱ्यांत असतो तसाच सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा संवेदक त्यात आहे.

मात्र त्याचे भिंग बदलता येत नाही, आणि गोपुरावरील दूरचे शिल्प त्यातून जवळ ओढता येत नाही. सबब, रस्ता व माणसे टिपणाऱ्यास तो एकटा पुरेल, दूरचे टिपणाऱ्याने मोठ्या साहित्यास जोड म्हणून तो घ्यावा.