महायुद्धात गेलेल्या आजोबा-पणजोबांचं नाव कुठे कोरलंय? असं शोधा

आपल्या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येतं, 'पणजोबा लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत.' पुढे काहीच माहिती नसते. पण त्यांच्या नावाची सरकारी नोंद असू शकते आणि ती घरबसल्या, फुकट बघता येते.

नोंद कोण ठेवतं?
कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोग. स्थापना 1917 ची. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत या सहा देशांची सरकारं खर्च उचलतात. घरच्यांना काही द्यावं लागत नाही. पुण्यात खडकीची युद्ध दफनभूमी याच आयोगाची. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त समाध्या आहेत. शिपाई असो की कर्नल, दगड सारखाच.

समाधी नसेल तर?
ज्यांचं दहन झालं किंवा देह सापडला नाही, त्यांचं नाव स्मारकावर असतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण समाधी नाही. नाव तिकडे कसिनोच्या स्मारकावर आहे.

सगळ्यांना मात्र असा न्याय मिळाला नाही. पहिल्या महायुद्धात इराककडे गेलेल्या हजारो हिंदी शिपायांची बसरा स्मारकावर नावं कोरलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा घातला. असा भेदभाव झाल्याचं मान्य करून आयोगाने 2021 मध्ये माफी मागितली.

शोधायचं कसं?
आयोगाच्या संकेतस्थळावर नाव इंग्रजीत टाकावं. साहेबाने कानाला आलं तसं लिहिलंय, म्हणून स्पेलिंग बदलून चार-पाच वेळा बघावं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. जिल्हा जुन्या नावाने बघावा: रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता. घरातल्या जुन्या पेटीत पदक असेल तर कडेला नंबर आणि पलटण कोरलीय का ते पाहावं. एकाच नावाचे दहा शिपाई निघाले, तर आपला माणूस त्यावरूनच ओळखता येतो.

कोणाचं नाव सापडणार नाही?
लढाईहून घरी येऊन, पेन्शन खाऊन पुढे वारलेल्यांचं. आयोग 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातलेच मृत्यू धरतो.

नाव सापडलं तर नोंदीची प्रत काढून घरात जपून ठेवावी. तारीख कळली की निदान त्या दिवशी दिवा तरी लावता येतो.