पायाखालचा मासा

वीज गेलीच आहे, तर विजेचीच गोष्ट ऐका. शेजारच्या काकू गुडघ्याला करंटचा शेक घ्यायला जातात, परवा सोबतीला मी गेलो, तर तिथल्या पोरीनं गुडघ्याभोवती चार चिकट पट्ट्या लावल्या, पेटीची कळ हळूहळू फिरवली आणि काकू म्हणाल्या, "अगं बाई, मुंग्या चालल्यात की!" मला मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचा एक मासा आठवला.

रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. इसवी सन 47च्या सुमाराला त्यानं लिहून ठेवलंय, की पायाचे सांधे वातानं ठणकत असतील तर ओल्या किनाऱ्यावर उभं राहावं, जिवंत काळा टॉर्पेडो मासा पायाखाली घ्यावा आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईस्तोवर हलू नये. हा मासा दिसायला थापलेल्या भाकरीसारखा चपटा, आणि अंगात स्नायूंपासूनच घडलेल्या पेशींची भाकऱ्यांसारखी चवड; एकेका पेशीची वीज चिमूटभर, पण सगळी मिळून काही जातींत दोनशे व्होल्टपर्यंत जाते. वीज म्हणजे काय, हे त्या वैद्याच्या गावीही नव्हतं. गुण येतो, एवढं त्यानं पाहिलं होतं.

असं का होतं, याचं उत्तर 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं. दाराला कोपर आपटलं की आपण आधी ते चोळतो, हो ना? स्पर्शाचा निरोप जाड तंतूंतून घोडेस्वारासारखा दौडतो, सेकंदाला तीस मीटरहून जास्त. ठणक्याचा निरोप बारीक तंतूंतून पायी येतो, सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. मज्जारज्जूत जणू गावाची वेस आहे, आणि घोडेस्वारांची रीघ लागली की ती पायी येणाऱ्यासाठी अर्धी लोटली जाते. काकूंच्या त्या मुंग्या म्हणजे हेच घोडेस्वार. पेटी अगदी सावकाश, सेकंदाला दोन-चार ठोक्यांवर ठेवली, तर शरीर स्वतःचंच वेदनाशामकही पाझरतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू सुस्तावतो, त्याला याहून जोरकस करंटनं आकसायला लावून जागं करतात, तेही नवलच.

पण करंट झिजलेला सांधा भरून काढत नाही. ठणका उतरतो तेवढ्या वेळात पाय उचलायचा व्यायाम करून घ्यायचा असतो, आणि काकू तो न चुकता करतात. तुमच्या घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल, तर पट्ट्या लावण्याआधी ते आठवणीनं सांगा.