कोलारच्या टेकड्यांची झडती

कर्नाटकातील कोलार येथे जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने 1880 साली हाती घेतलेले जे सुवर्णखनन पुढे तीन किलोमीटरांहून अधिक खोल पाताळात उतरले आणि ज्यासाठी 1902 साली शिवनसमुद्रहून वीज आणण्यात आली, ते 2001 साली बंद पडले. परंतु सोने काढून घेतल्यावर उरलेले कोट्यवधी टन पाषाणचूर्ण टेकड्यांच्या रूपाने वस्तीच्या उशाशी तसेच राहिले.

या टेकड्यांना लोक सायनाइडच्या टेकड्या म्हणतात, आणि ते नाव निराधार नाही, कारण दळलेल्या खडकातील सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून वेगळे केले जाई. तथापि सायनाइडचे सूर्यप्रकाशात बऱ्याच अंशी विघटन होते. आर्सेनिक, शिसे यांसारख्या मूलद्रव्यांचे तसे होत नाही, म्हणून या टेकड्यांच्या प्रदूषणाची तपासणी करणाऱ्या परीक्षकाने नावाला भिऊन केवळ सायनाइडच्या मागे धावू नये.

त्याच्या तपासणीची खरी सुरुवात दप्तरखान्यात होते: कोणत्या गिरणीचा गाळ कोठे टाकला, हे जुन्या नकाशांवरून कळल्याशिवाय नमुने घेणे म्हणजे अंधारात तीर मारणे. त्यानंतर, जेथे खाणीचा स्पर्शच नाही अशा दूरच्या जमिनीतील माती तपासावी लागते. कारण सुवर्णभूमीच्या खडकातच काही धातू निसर्गतः अधिक असतात, आणि निसर्गाचा दोष खाणीच्या खाती मांडणे हा अन्यायच. मग वाऱ्याच्या दिशेची धूळ आणि विहिरींचे पाणी, तेही उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, असे दोनदा.

या टेकड्यांतील उरलेसुरले सोने काढण्याच्या योजना वरचेवर निघतात. सरकारने त्याआधी विहिरींच्या पाण्याच्या अशा तपासणीचा हिशेब जाहीर करावा.