न्यायासनाखालचे टेबल : न्यायकक्षातील अधिकाऱ्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हेग हे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते कुलभूषण जाधव प्रकरणामुळे. भारताने 8 मे 2017 रोजी दाखल केलेल्या या प्रकरणाचा निकाल 17 जुलै 2019 रोजी लागला, आणि भारताचे वकील हरीश साळवे यांचा युक्तिवाद दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या अनेकांची अशी समजूत झाली की आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय म्हणतात ते हेच. वस्तुतः ते आंतरराष्ट्रीय न्यायालय होते. ते संयुक्त राष्ट्रसंघाचे अंग असून त्यापुढील खटल्यांत पक्षकार म्हणून केवळ राष्ट्रेच उभी राहतात, आणि तेथे मुख्य वाद होता तो वकिलातीशी संपर्काच्या हक्काचा. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय त्याच शहरात असले तरी त्याचा जन्म 1998 मध्ये संमत झालेल्या रोम संविधीतून झाला, 1 जुलै 2002 रोजी ती संविधी अमलात आली, आणि वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे व आक्रमणाचा गुन्हा या चार प्रकारांसाठी तेथे व्यक्तींवर खटले चालतात.

या दुसऱ्या न्यायालयात न्यायाधीशांच्या आसनासमोर, त्यांच्या खालच्या पातळीवर, ‘कोर्टरूम ऑफिसर’ बसतो. खटल्याचा क्रमांक व नाव पुकारणे, पुराव्याला क्रमांक देणे, तो पडद्यावर दाखवण्याची व्यवस्था पाहणे आणि बैठक खुली आहे की बंद हे जाहीर करणे ही त्याची कामे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा विक्रोळी येथील दंडाधिकारी न्यायालयांत याच जागी बेंच क्लर्क बसलेला असतो, आणि कार्यालयाची एकंदर जबाबदारी शिरस्तेदाराकडे असते. दोन्हीकडच्या पदांचा दर्जा, वेतन आणि साधने यांत मोठे अंतर आहे. परंतु खटल्याचा अभिलेख, म्हणजे न्यायालयात काय घडले याची अधिकृत नोंद, अखंड राखणे हा त्यांच्या कामाचा गाभा एकच आहे, आणि त्याविषयीचे गैरसमजही बरेचसे सारखे आहेत.

उपनगरांतील पक्षकारांमध्ये सर्वांत रुजलेला समज असा की ‘तारीख क्लर्क देतो’. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, त्याच्या हाती असते आणि पुढची तारीख त्याच्याच टेबलावरून कळते, म्हणून हा समज होणे स्वाभाविक आहे. कायद्याने मात्र सुनावणी तहकूब करणे हा न्यायिक निर्णय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 346 नुसार तहकुबीची कारणे न्यायालयाने लेखी नोंदवायची असतात, आणि साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय त्यांना न तपासता परत पाठवता येत नाही. बेंच क्लर्क कोणत्या दिवशीच्या बोर्डावर जागा आहे ते सांगतो आणि झालेला आदेश रोजनाम्यात उतरवतो. रोजनामा हा त्या प्रकरणाच्या कामकाजाचा दिनवार दाखला असून कोण हजर होते, कोणी अर्ज दिला, त्यावर काय आदेश झाला, हे सारे त्यात येते. पुढे अपिलात ‘त्या दिवशी आरोपीचा वकील हजर होता काय’ असा प्रश्न उपस्थित झाला की वरिष्ठ न्यायालय साक्षीदाराच्या आठवणीकडे वळत नाही, रोजनामा उघडते. म्हणूनच या नोंदीला कारकुनी काम म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

साक्ष क्लर्क आपल्या शब्दांत लिहून घेतो, हा समजही तितकाच चुकीचा. वॉरंट खटल्यात, म्हणजे दोन वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात, साक्ष दंडाधिकाऱ्याने स्वतः लिहावी किंवा खुल्या न्यायालयात सांगून लिहवून घ्यावी असे त्याच संहितेचे कलम 310 सांगते. दंडाधिकारी शारीरिक किंवा अन्य कारणाने असमर्थ असेल तरच न्यायालयाच्या अधिकाऱ्याने ती त्याच्या निर्देशाखाली लिहायची असते. नोंद पूर्ण झाल्यावर ती आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते, आणि साक्षीदाराने एखाद्या भागावर हरकत घेतली तर दंडाधिकारी दुरुस्ती करण्याऐवजी त्या हरकतीचे टिपणही जोडू शकतो. हेग येथे इंग्रजी आणि फ्रेंच या दोन कामकाजाच्या भाषांत शब्दशः प्रतिलेख तयार होतो, पण तो तयार करणारे लघुलेखक वेगळे असतात.

न्यायकक्षातील हे काम खऱ्या अर्थाने पाहायचे तर मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेली वस्तू, न्यायालयात उघडला जातो तो प्रसंग जवळून पाहावा. घाटकोपरला जप्त झालेला चाकू पंचनाम्यानंतर लाखेच्या सीलात बंद होतो, कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासला जातो आणि प्रयोगशाळेचे सील घेऊन परततो. खटल्यात ते पाकीट समोर आले की सील शाबूत आहे काय हे न्यायालयाला आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना दाखवले जाते, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी साक्षीदाराला ओळखायला दिली जाते, आणि मगच पाकीट फोडून आतल्या वस्तूला आर्टिकल म्हणून खूण दिली जाते. कागदपत्र सिद्ध झाले तर त्यावर निशाणी क्रमांक पडतो. एकाच निशाणीचा आकडा दोन कागदांवर पडला, किंवा पंचाला भलतीच चिठ्ठी दाखवली गेली, तर बचाव पक्षाला उलटतपासणीत संशयासाठी जागा मिळते, आणि फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीलाच जातो. हेगमध्ये हीच शिस्त संगणकीय प्रणालीतून पाळली जाते आणि प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र क्रमांक मिळतो.

गीतेवर हात ठेवून शपथ घेण्याचे दृश्य चित्रपटांनी रूढ केले आहे. शपथ अधिनियम, 1969 मध्ये कोणत्याही ग्रंथाची अट नाही. साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा ईश्वराचा उल्लेख टाळून गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातील प्रतिज्ञेत तर ईश्वराचा उल्लेखच नाही.

खुल्या न्यायालयात सर्व काही सर्वांना कळलेच पाहिजे, ही समजूत मात्र हळुवारपणे दूर करावी लागते, कारण तिच्या मुळाशी एक योग्य तत्त्व आहे. हेगमधील खुल्या बैठकीचे प्रक्षेपण सुमारे अर्धा तास उशिराने होते. संरक्षित साक्षीदाराचे नाव कोणाच्या तोंडून चुकून निघाले तर न्यायाधीशांच्या आदेशाने ते तेवढ्या अवधीत गाळता येते. ‘खासगी’ बैठकीत प्रेक्षकांना कक्ष दिसतो पण ऐकू येत नाही, ‘बंद’ बैठकीत दोन्ही थांबते, आणि कोणता भाग कोणत्या स्थितीत झाला याची नोंद प्रतिलेखात राहते. उपनगरी न्यायालयांच्या क्षेत्रातील बलात्काराचे खटले सत्र न्यायालयात जातात आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 366 नुसार इन कॅमेरा, म्हणजे संबंधितांखेरीज इतरांना बाहेर ठेवून, चालवले जातात. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. दरवाजा बंद करणे सोपे. परंतु पुकाऱ्यात किंवा कोणाच्या हाती पडणाऱ्या प्रतीत पीडितेचे नाव येऊ न देणे हे खरे दक्षतेचे काम आहे, आणि त्याचा मोठा भार याच टेबलावर असतो.

अशा पदासाठी वकील असणे अनिवार्य आहे, हा समज दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या अर्थाने अपुरा पडतो. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांच्या कनिष्ठ लिपिक भरतीत कोणत्याही शाखेची पदवी चालते, कायद्याच्या पदवीधराला प्राधान्य मिळते, आणि इंग्रजी व मराठी टंकलेखनाची परीक्षा द्यावी लागते. हेगच्या पदासाठी सहसा कायद्याचे शिक्षण, न्यायालयीन कामाचा अनुभव आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व अपेक्षित असते. मात्र हा अधिकारी न्यायाधीशांचा खासगी साहाय्यक नसून निबंधक कार्यालयाचा तटस्थ कर्मचारी असतो, त्याला कोणत्याही पक्षाची बाजू घेता येत नाही. मुंबईच्या इच्छुक तरुण-तरुणींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : भारताने रोम संविधीवर सही केलेली नाही, तेथील नेमणुकांत सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांना प्राधान्य असते, आणि म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक जाहिरातीतील नागरिकत्वाची अट वाचणे आवश्यक आहे.