भाडेकरूंसकट इमारत घेताना

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. दोन्हीकडे सहा-आठ फ्लॅटच्या, भाड्याने भरलेल्या इमारती अधूनमधून विकायला निघतात. दलाल आधी आकडा टाकतो: "महिन्याला छप्पन हजार, बसल्या जागी!"

तो आकडा तपासू. समजा, आठ फ्लॅट, प्रत्येकी ७,००० भाडे, किंमत १ कोटी २० लाख. वर्षाला ६,७२,००० झाले. प्रत्येक फ्लॅट वर्षात महिनाभर रिकामा राहणार, ५६,००० गेले. घरपट्टी, मोटर, गळती, रंग आणि उन्हाळ्यातले टँकर यांचे १,१०,००० धरा. (जालन्यात पाण्याचा खर्च विसरणारा माणूस बाहेरगावचाच असणार.) उरले ५,०६,०००, म्हणजे सव्वाचार टक्क्यांना किंचित कमी. आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढाच दिलासा.

पण खरी मेख भाड्यात नाही, भाडेकरू कोणत्या कागदावर राहतो त्यात आहे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. नुसत्या भाडेपावतीवर वर्षानुवर्षे राहणारा माणूस या कायद्याने भाडेकरू ठरला, तर तो भाडे देत राहील तोवर मालक त्याला मनाला येईल तेव्हा काढू शकत नाही. भाडेही वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढते. लिव्ह अँड लायसन्सवाल्याचे तसे नाही. मुदत संपली की कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि घर सोडेपर्यंत दुप्पट शुल्काची भरपाई मागता येते. म्हणून आठापैकी दोन जण जरी पावतीवरचे निघाले, तरी किंमत नव्याने बोलायला हवी.

करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असणे कलम ५५ ने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच आधी खरे धरले जाते. दोनशे-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून "झालं की काम" म्हणणारे मालक पुष्कळ, आणि त्यांची ही आळशी काटकसर विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

मालमत्ता पत्रक, तीस वर्षांचा शोध अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र वकील पाहीलच. तुम्ही मात्र संध्याकाळी सातला जा, तेव्हा माणसे घरी असतात. जिन्याखालचे वीजमीटर मोजा. आठ फ्लॅट आणि मीटर पाच, तर बिलाची वाटणी कोण करतो ते विचारा. मालकाने सांगितलेले भाडे प्रत्येक दारात पडताळा. तळमजल्यावरच्या आजी दलालापेक्षा जास्त सांगतात.

व्यवहार ठरला की अनामत रकमांची यादी खरेदीखतात घाला आणि ती बेरीज किमतीतून वळती करा, कारण उद्या भाडेकरू ते पैसे तुमच्याकडेच मागणार. आधीची थकबाकी, वेगळे ठरले नसेल तर, जुन्या मालकाचीच राहते. शेवटी दोन्ही मालकांच्या सहीचे पत्र प्रत्येक भाडेकरूला द्या आणि पोच घ्या. पत्र पोचायच्या आत त्याने भाडे जुन्या मालकाला दिले, तर ते तुम्हाला त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही.