बर्नरच्या कॉन्टॅक्टवर किती विसंबायचं?

कोलकात्यात 1863 साली बॉयलर फुटून माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. 1923चा देशव्यापी कायदा त्याच वाटेने आला आणि 2025मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या सगळ्या काळात कायद्याची नजर मुख्यतः वाफेच्या बाजूवर राहिली: पत्रा किती जाड आहे, वेल्डिंग कसं आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला उठतो. भट्टीच्या बाजूचा धोका वेगळ्या जातीचा असतो. ज्योत विझली आणि इंधन चालूच राहिलं, तर काही सेकंदांत भट्टीत न जळलेला वायू साठतो. मग तापलेली वीट किंवा पुन्हा दिलेली ठिणगी स्फोटाला पुरते. या धोक्यावर पहारा ठेवणाऱ्या बर्नर व्यवस्थापन यंत्रणेला बाहेरचं जग कळतं ते इनपुट कॉन्टॅक्टमधून, म्हणजे स्विचच्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या जोडांमधून. गेल्या शंभरेक वर्षांत हे कॉन्टॅक्ट कसे बदलत गेले ते पाहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. सुरक्षा वाढली त्यात कॉन्टॅक्टच्या संख्येचा वाटा कमी आहे. तंत्रज्ञ त्या कॉन्टॅक्टवर संशय घ्यायला शिकले, याचा वाटा मोठा आहे.

पहिला धडा रेल्वेने आधीच गिरवला होता. विल्यम रॉबिन्सनने 1872मध्ये बंद परिपथाचा ट्रॅक सर्किट आणला. रुळांतून सतत वीज वाहते, गाडी आली किंवा वायर तुटली की रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. बर्नरच्या पॅनलमध्ये हेच तत्त्व आलं. पाण्याची पातळी, वाफेचा दाब, गॅसचा किमान आणि कमाल दाब, ज्वलनाची हवा या सगळ्यांचे स्विच एकापुढे एक असे जोडलेले असतात आणि सगळं ठीक असेल तोवर प्रत्येकाचा कॉन्टॅक्ट मिटलेला राहतो. एक जरी उघडला, तरी इंधनाच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची वीज जाते आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. वायर तुटली, टर्मिनल ढिलं झालं, वीज गेली, तरी परिणाम तोच. बिघाडाने काम थांबावं पण धोका वाढू नये, हा त्यामागचा हिशेब.

दिसायला सारखेच असलेले दोन कॉन्टॅक्ट वेगळी कामं करतात, हे कळायलाही काळ जावा लागला. वाफेचा दाब हवा तेवढा झाला की बर्नर थांबवणारा स्विच नियंत्रणाचा असतो. दाब उतरला की तोच बर्नर पुन्हा चालू करतो आणि त्यात वावगं काही नाही. त्याच्या वरच्या दाबाला लावलेला दुसरा स्विच सुरक्षेचा. तो उघडला, तर यंत्रणा लॉकआउटमध्ये जाते आणि कोणीतरी जवळ जाऊन, कारण पाहून, हाताने रीसेट केल्याशिवाय बर्नर पेटत नाही. एकाच स्विचवर दोन्ही कामं सोपवली, तर नियंत्रणात चूक होईल त्याच क्षणी सुरक्षाही निकामी ठरेल.

पण बंद परिपथाला एक भोक होतं. चिकटून बसलेला कॉन्टॅक्ट मिटलेलाच दिसतो, म्हणजे ‘सगळं ठीक’ असंच सांगतो. ज्योत ओळखण्याच्या साधनांचा इतिहास या भोकाशी झुंजण्याचा आहे. सुरुवातीला धुराड्यात द्विधातूची पट्टी असे. ज्योत विझल्याचं तिला कळायला मिनिटभरही लागे. पुढे फ्लेम रॉड, म्हणजे ज्योतीत राहणारी धातूची सळई, आला. रॉडला एसी दिला, की ज्योतीतून काही मायक्रोअँपिअरचा डीसी प्रवाह मिळतो, कारण बर्नरचा जमिनीशी जोडलेला (अर्थिंग केलेला) भाग रॉडपेक्षा कितीतरी मोठा असतो. रॉड खाली टेकून शॉर्ट झाला तर एसीच वाहतो, आणि त्या प्रवाहाला यंत्रणा ज्योत मानत नाही. ज्योतीचे अतिनील किरण ओळखणाऱ्या ट्यूबला मात्र ही सोय नव्हती. म्हातारी ट्यूब ज्योत नसतानाही वाहत राहू शकते. म्हणून तिच्यासमोर ठरावीक वेळाने बंद होणारं शटर बसवलं. शटर बंद असतानाही ट्यूबला ‘ज्योत’ दिसत असेल, तर ट्यूब खोटं बोलते आहे असं धरून इंधन तोडलं जातं. हवेच्या प्रेशर स्विचलाही तीच परीक्षा लागू झाली: पंखा चालू होण्याआधी तो उघडा दिसलाच पाहिजे. पंखा बंद असताना ‘हवा आहे’ म्हणणाऱ्या स्विचला चालू पंख्याची साक्ष देण्याचा अधिकार नाही.

आता पीएलसीच्या, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या नियंत्रकांच्या, जमान्यात या कॉन्टॅक्टचं एवढं कौतुक कशाला, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणांसाठीचं आयईसी 61508 हे मानक 1998 ते 2000 या काळात आलं, अमेरिकेत बॉयलरच्या ज्वलनाचे विखुरलेले नियम 2001च्या एनएफपीए 85मध्ये एकत्र झाले, आणि ट्रान्समीटरचं अॅनालॉग मूल्य, तीनपैकी दोनांचं मत मानण्याची पद्धत, स्वतःच्या इनपुटवर चाचणीचा पल्स सोडणारी कार्डं रूढ झाली. ट्रान्समीटर गोठला, तर त्याचा आकडा हलत नाही आणि शेजाऱ्याशी ताडून हे पकडता येतं. दाब ठरावीक मर्यादेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच सांगणाऱ्या एकट्या स्विचबाबत ती सोय नाही. पण यातून मूळ तत्त्व खोडलं जात नाही, पक्कंच होतं: ज्या इनपुटची परीक्षा होऊ शकते, तेच विश्वासाचं. हाताने दाबायचं आपत्कालीन बटण सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट वायरने इंधन तोडतं, ते याच कारणाने.

दुसरा आक्षेप कारखान्यातून येतो आणि जास्त खरा आहे. मालिकेतला प्रत्येक कॉन्टॅक्ट विनाकारण ट्रिप होण्याची एक वाट वाढवतो. रात्रपाळीत तिसऱ्यांदा बर्नर पडला, की दोन टर्मिनलांवर वायरचा एक तुकडा, म्हणजे जंपर, टाकला जातो आणि उत्पादन सुरू राहतं. चूक जंपर टाकणाऱ्याची आहेच, पण तेवढ्यावर थांबून भागत नाही. वारंवार खोटा ट्रिप देणारी रचना सदोष असते. तीनपैकी दोनांची पद्धत, थोडा विलंब, योग्य जागी बसवलेला स्विच हे तिचं उत्तर. ‘उत्पादन थांबतं’ या तक्रारीला अभियांत्रिकीने उत्तर दिलं नाही, तर ते जंपर देतो.

तरीही कॉन्टॅक्टला मर्यादा राहतेच. 19 जानेवारी 2004 रोजी अल्जीरियातल्या स्किकदा इथल्या एलएनजी प्रकल्पात 27 जणांचा बळी गेला. गळालेला हायड्रोकार्बन वायू बॉयलरच्या पंख्याने ज्वलनाच्या हवेबरोबर आत ओढला, बॉयलर फुटला आणि बाहेरचा वायूचा ढग पेटला. पंख्याचा दाब मोजणारा स्विच त्यात काही करू शकत नव्हता; हवा वाहते आहे हे तो सांगतो, तिच्यात काय मिसळलं आहे हे सांगत नाही. म्हणून त्याच्या भाषेत न बसणाऱ्या धोक्यासाठी वेगळं साधन, म्हणजे वायुगळती ओळखणारा सेन्सर, लागतो.

बॉयलर चालवणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच पॅनलसमोर उभं राहून यादीतल्या प्रत्येक सुरक्षा कॉन्टॅक्टबद्दल एक प्रश्न विचारावा: हा शेवटचा कधी उघडला, आणि त्या वेळी इंधन खरोखर तुटलं का? लॉगबुकात याचं तारखेसह उत्तर नसेल, तर तो कॉन्टॅक्ट काम करतो असं धरून चालू नये.